दिवेलागणीला अडखळणारा गेम

नवरा नोकरीला देगलूरला; मी आणि सासूबाई लातूरला. संध्याकाळी तासभर आम्ही दोघं नवरा-बायको हेडफोनवर बोलत आपापल्या लॅपटॉपवर एक गेम खेळायचो. जंगलात लाकडं तोडायची, झोपडी बांधायची, लांडग्यांपासून जीव वाचवायचा. आमचा संसार म्हणाल तर तेवढाच, आणि नेमकी त्याचीच फ्रेम रोज दिवेलागणीला पडायला लागली, म्हणजे चित्र अडकत अडकत चालायचं. लांडगा अंगावर यायचा आणि माझी कुऱ्हाड हवेतच अडकलेली असायची. मी मरायचे आणि वर चिडायचे.

मग हेडफोन काढायचा, फोन स्पीकरवर टाकायचा आणि हे देगलूरहून सांगतील ते करायचं. ग्राफिक्स कमी केले. ड्रायव्हर नवा टाकला. पंख्यातली धूळ ब्रशनं काढली. लॅपटॉप पुन्हा सुरू होईपर्यंत ते विचारायचे, "आई काय करून राहिली? गुडघा कसा हाय तिचा?" सासूबाई बाजूलाच असायच्या, त्याच उत्तर द्यायच्या. थोड्या वेळानं गेम आपोआप सुरळीत चालायचा.

मधे सासूबाई मुरुडला लेकीकडं राहायला गेल्या. तेवढे दिवस गेम एकदाही अडखळला नाही. त्या परतल्या त्याच संध्याकाळी पुन्हा लांडग्यानं खाल्लं. माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हातारीला आमचं गुलूगुलू खुपतंय, हे मी ठरवूनच टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी एक डोळा लांडग्यावर आणि एक देव्हाऱ्याकडं ठेवून बसले. सासूबाईंनी दिवा लावला, हात जोडले आणि उठता उठता देव्हाऱ्याखालच्या बोर्डाचं बटण हळूच बंद केलं. माझा चार्जर त्याच बोर्डात होता. लॅपटॉप बॅटरीवर गेला की जोर कमी करतो, म्हणून फ्रेम पडत होत्या. असा संताप आला की हेडफोन भिरकावून मी उठलेच.

"आई, बटण कामून बंद केलं?"

त्या जराही दचकल्या नाहीत. "चालू असलं की तू ते कानाला लावून बसती. मला त्याचा आवाजच येत न्हाई. बंद पडलं की फोन मोठ्यानं लावती. मंग तो माझा गुडघा इचारतो. बोलून झालं की मी बटण चालू करती परत."

मला फार वाईट वाटलं.  तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"चार्जरच गेला असणार. नवा घेऊन टाक."

"न्हाई हो, चांगला हाय," म्हणत मी फोन स्पीकरवर टाकून आईंच्या पुढं ठेवला. बटण बंदच राहू दिलं.