बिघडलेली झेरॉक्स

सरावलीपासून नवापूरच्या किनाऱ्यापर्यंत आमच्या घरमालक काकांइतका तोंडाचा पक्का माणूस झाला नसेल; आणि तोंडाचा सैल म्हणून सख्ख्या भावाने टाकलेलाही तेवढा एकच. बाजारातून आणलेले बोंबीलसुद्धा ते वर मेथीची जुडी ठेवून घरात नेत. वासाने सगळ्या चाळीला कळलेलं असे, तरी ‘‘काका, आज बोंबील का?’’ म्हटलं की ‘‘बगू’’ एवढंच उत्तर. कुरिअरच्या पाकिटावरचं स्वतःचं नाव कात्रीने कापत, तुकडे बादलीत भिजवत आणि चिकूच्या बुंध्याशी पुरत. ‘‘काका, उद्या चिकू तुमचं नाव सांगेल,’’ मी एकदा म्हणालो. ‘‘चिकू गप असतो. म्हणून तर लावलाय,’’ ते म्हणाले.

मी हिंगोलीकडचा, नववीतून शाळा सोडलेला, तारापूरच्या कारखान्यात ड्रम भरायला आलेला. इथं ओळख ना पाळख. खोली विचारायला गेलो तेव्हा भीतीने मी आजोबांच्या नावापासून सगळं सांगायला लागलो, तर काकांनी हात वर करून थांबवलं. ‘‘येवढं कोनी इचारलं? पानी पी आदी.’’ या गावात मला मिळालेलं ते पहिलं पाणी.

त्यांचं खरं वैर होतं बोईसर स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याशी. तिरक्या निघालेल्या, काळ्या पडलेल्या कॉपी तो टेबलाखाली टाकायचा आणि रद्दी साचली की शेंगदाणेवाल्याला द्यायचा. एकदा काकांनी शेंगदाण्याची पुडी सोडली, तर आत कुणाचं तरी आधारकार्ड, फोटोपत्त्यासकट. काकांनी खारे दाणे सरळ खिशात ओतले आणि रिक्षा करून ते पाम गावातल्या त्या पत्त्यावर गेले. दारात उभं राहून म्हणाले, ‘‘तुमी शेंगदान्यात सापडलात.’’ त्या गृहस्थांना वाटलं, म्हातारा वर्गणी मागायला आलाय. तेव्हापासून काका झेरॉक्सवाल्यासमोर हात पसरून उभे राहत, ‘‘बिगडलेली पन दे.’’ तो कपाळाला हात लावी, पण देई.

पुढे मी बोईसरला एक खोली-किचन घ्यायचं ठरवलं, बायको आणि लेक गावाकडून यावीत म्हणून. बिल्डरच्या मंडपात एजंट बसला होता. मोठा गोड. ‘‘पॅनकार्ड दे दो भाई, ओटीपी बोलो, सब बँक में एक साथ डाल देता हूँ. कहीं ना कहीं लोन हो जाएगा.’’ मी मोबाइल काढलाच होता, एवढ्यात न बोलावता आलेल्या काकांनी माझं मनगट धरलं. माझ्या प्रत्येक झेरॉक्सवर त्यांनी शाईच्या पेनाने दोन तिरप्या रेघा मारल्या, मधे बँकेचं नाव घालून ‘फक्त गृहकर्जासाठी’ असं लिहिलं, खाली तारीख टाकली. एजंट कळवळला, ‘‘अंकल, कॉपी खराब कर दी!’’

‘‘खराब नाय,’’ काका म्हणाले, ‘‘आता ती दुसऱ्याच्या कामाची नाय.’’

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ते मला थेट बँकेत घेऊन गेले. तिथल्या बाईंनी माझा क्रेडिट रिपोर्ट काढला आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली, तसे काका ताडकन उठले. ‘‘तुजं तू बग,’’ म्हणाले आणि भर उन्हात पायरीवर जाऊन बसले. काम होईल असं कळल्यावर मी धावत बाहेर आलो, ‘‘काका, स्कोअर...’’ तर त्यांनी दोन्ही कान झाकून घेतले. रस्त्यावरची माणसं बघायला लागली.

संध्याकाळी काकूंनी मला चहाला बोलावलं आणि कारण सांगितलं. काकांनाही नवापूरला वाडीत घर बांधायचं होतं. गल्लीतल्याच एका कर्जाच्या दलालाला, आपलाच माणूस म्हणून, त्यांनी पॅन दिलं, ओटीपीही सांगितला. भावाने घेतलेल्या कर्जाला काका जामीन होते. त्यांच्या रिपोर्टात ते कर्ज निघालं आणि भावाचे थकलेले हप्तेही. दलालाने ते पानाच्या टपरीवर मजेत सांगितलं. नवापूरला भावाच्या घरात तेव्हा मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. ती तिथंच थांबली. भावाला वाटलं, ही बातमी काकांनीच फोडली. ‘‘जाऊन सांगा ना त्याला, मी कितीदा बोल्ली,’’ काकू म्हणाल्या. ‘‘तर हे म्हनतात, सांगायला जाऊ तर हप्त्यांचा विषय काडावा लागंल. त्याने मला कवा सांगितला नाय, मी कसा काडू?’’ घर बांधायचं राहिलं. नवापूर इथून रिक्षाच्या अंतरावर, पण काका त्या रस्त्याला पुन्हा गेले नाहीत. मी तरी एकदा रिक्षा करून जायला हवं होतं, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं, मी परका, कोण ऐकणार माझं?

काका गेले ते दुखणंही लपवूनच. दिवसांना नवापूरहून एक उंच म्हातारा आला, कोपऱ्यात बसला, काकूंकडेही बघेना. सगळे उठल्यावर मला म्हणाला, ‘‘तू येवढी वर्सं हितं ऱ्हायलास. माज्याबद्दल काय बोलायचा तो?’’

मी म्हणालो, ‘‘एक शब्द नाही. तुम्ही आहात हेसुद्धा मला काकूंनी सांगितलं.’’

‘‘रागानंपन नाय?’’

‘‘नाही.’’

तो पंच्याची घडी करत राहिला, मोडत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, ‘‘मंग तवा पन बोलला नसंल.’’ काकूंनी पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढायला आम्ही दोघं स्टेशनजवळ गेलो. पहिली कॉपी तिरकी आली, काकांचं नाव अर्धं कापलं गेलं. झेरॉक्सवाला सवयीने ती टेबलाखाली टाकायला वाकला आणि या म्हाताऱ्याने, ज्याला काकांच्या या मागण्याचं कुणी काही सांगितलेलं नव्हतं, हात पुढे पसरला.

‘‘ती पन दे.’’

झेरॉक्सवाला त्या हाताकडे बघतच राहिला. मग त्याने कागद दिला. म्हाताऱ्याने त्याची नीट चौघडी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.