साडूभाऊंची लाळ

अख्ख्या रायपुरात स्वतःच्या थुंकीला इतकं जपणारा माणूस दुसरा नसेल. हे आमचे साडू, एका खाजगी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. मी इथल्याच भनपुरी भागात हमाली करता करता लोखंडी सळ्यांचं दुकान उभं केलं, भल्याभल्यांना भावात वाकवलं. पण या माणसाला सुपारी-तंबाखूचा एक खर्रा खाऊ घालू शकलो नाही, हा राग माझ्या मनात अजून आहे. पुडी पुढे केली की हात जोडायचे. "मले नको जी, साडूभाऊ. दुपारी लाळ लागते."

लागायची ती अशी. रोग्याच्या यकृताच्या अगदी पातळ कापावर त्यांच्या प्रयोगशाळेतला एक खास रंग चढवला, की साखर असेल तिथे गडद गुलाबी दिसतं. पण ती साखर नुसती साठवणीची, की प्रथिनाला चिकटलेली? ते ओळखायला साडू तसाच दुसरा काप घेत आणि रंगाआधी त्यावर आपली लाळ सोडत. साठवणीची साखर लाळेनं विरघळून जाते. प्रथिनाला चिकटलेली जागची हलत नाही. यासाठी सकाळपासून चहा बंद, लोणचं बंद. माझ्या मुलीच्या लग्नातही पानातली जिलबी बाजूला सारून निघाले, तेव्हा मी भर पंगतीत तडकलो, "काहून? जिलबीत विष घातलं काय मी?" ते शांतपणे म्हणाले, "कोण्या गरिबाच्या लिव्हरवर तुमची जिलबी नको, साडूभाऊ."

मग दोघी बहिणी वर्षभराच्या अंतरानं गेल्या. बायकाच नाहीत, तर कोण कोणाचा साडू? तरी रविवारी प्रयोगशाळेत जाता जाता ते यायचे. दुकान बंद असे, पण मी शटर अर्धं वर करून बसे. मी खर्रा पुढे करायचो, ते हात जोडायचे, मी चिडायचो. आठवड्यात माझं कामाशिवाय कोणाशी बोलणं होई ते एवढंच.

गेल्या महिन्यात प्रयोगशाळेतल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी लाळेचं काम करणारी तयार बाटली मागवली. "अंकल, अब थूक-वूक नहीं चलेगा." त्या रविवारी मी सवयीनं पुडी पुढे केली, तर साडूंनी हात पसरला. "द्या जी. आता कोणाले लागते?" चिमूट तोंडात टाकली, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांनी सौदा जमला होता आणि मला तो नको होता. "थुका ते!" मी ओरडलो. ते शटरखालून वाकून बाहेर गेले आणि जन्मभर जपलेली लाळ त्यांनी ट्रकांच्या धुळीत टाकली. येत्या रविवारी मी पुन्हा पुडी पुढे करणार आहे. त्यांनी हात जोडले पाहिजेत.