लाल ठिपक्याची पट्टी

माझ्या कॉम्प्युटरमधली चांगली रॅमची पट्टी काढून तिच्या जागी खराब पट्टी बसवली गेली. बसवणारा होता आमच्या रविवारच्या मंडळीचा संयोजक, आणि फायदा झाला त्याच्या मेहुण्याचा. फसलो मी. ज्याला पानिपतचे व्यापारी फसवू शकले नाहीत, त्याला चहा-पोहे खाऊ घालून आपल्याच माणसांनी फसवले.

मी बाजारात वाढलेला माणूस. दिल्लीत आलो तेव्हा पानिपतहून चादरी आणायचो आणि छावणीत मराठी जवानांच्या घरोघरी विकायचो. पानिपतचा व्यापारी दाखवतो एक आणि बांधून देतो दुसरेच, हे मी पहिल्याच फेरीत शिकलो. मग मी पसंत केलेल्या प्रत्येक चादरीच्या काठाला त्याच्यासमोर रंगीत दोऱ्याची गाठ मारू लागलो. गठ्ठा बांधताना गाठ दिसली पाहिजे, नाहीतर सौदा रद्द. त्या गाठींवर माझे घर उभे राहिले.

पुढे दिवस बदलले. यमुनेपलीकडे नव्या सोसायट्या उठत होत्या, आम्हीही नोएडात फ्लॅट घेतला. चादरींचा धंदा बंद करून मी कॉम्प्युटर घेतला, मराठी लग्नपत्रिका आणि पुस्तिकांची अक्षरजुळणी करण्यासाठी. बाजारात माझ्यासमोर एकेक भाग जोडून घेतला. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. काम चालू असताना मशीन सगळे जिथे धरून ठेवते, ती ही पट्टी. ती बिघडली की मशीन मध्येच थिजते. खिशात बायकोचे नेलपॉलिश होते. दोन्ही पट्ट्यांवरच्या पहिल्या चिपवर, छापील अक्षरांवरच, मी लाल ठिपका दिला.

दुकानदार हसला. "भाईसाब, दुल्हन ले जा रहे हो क्या?"

"दुल्हन बदल देते हो तुम लोग, इसलिए," मी म्हणालो.

तेव्हा दुरुस्तीला नदी ओलांडून कोणी यायचे नाही. म्हणून आमच्या भागातली कॉम्प्युटर असलेली मराठी माणसे रविवारी सकाळी संयोजकाच्या दिवाणखान्यात जमायची. तो मोठ्या कचेरीत होता, सगळे त्याला सर म्हणायचे. आम्ही चादरीत गुंडाळलेले पत्र्याचे खोके स्कूटरवर पुढे उभे करून न्यायचो. पैसे कोणी घ्यायचे नाहीत. आजारी मशीन तपासायची रीत अशी, की धडधाकट मशीनमधला एकेक भाग काढून त्यात घालून पाहायचा. जो भाग बदलल्यावर ते चालू होईल, त्या जागच्या मूळ भागात दोष. आणि एक नियम होता: ज्याने खोके उघडले, त्यानेच बंद करायचे. मालकाने हात घालायचा नाही. स्वतः घरी उघडलेत, तर पुढे मंडळी हात लावणार नाही. नियम सरांचाच.

त्या वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाची स्मरणिका जुळवायचे काम मला मिळाले. आजवर ते शहरातल्या छापखान्याकडे जायचे. ज्या बायकांना मी चादरी दाखवल्या, ज्या साहेबांनी मला दारातच उभे केले, त्या सगळ्यांच्या हातात माझ्या मशीनवर जुळवलेले पुस्तक जाणार होते. मला चादरवाला म्हणणे त्यानंतर बंद झाले असते. माझ्यासाठी ते काम म्हणजे एवढे होते.

काम सुरू केले आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी सरांचा मेहुणा आपले थिजणारे मशीन घेऊन आला.

"शेठ, तुमची एक पट्टी द्या जरा. चेक करतो आणि परत," सर म्हणाले.

"बिल्कुल," मी म्हणालो. आपल्या माणसांत गाठी मारायच्या नसतात, असे मी तेव्हा समजत होतो.

माझी पट्टी घालताच त्याचे मशीन चालू झाले. म्हणजे त्याची पट्टी खराब, हे बैठकीतल्या प्रत्येकाने पाहिले. मग सरांनी दोन्ही पट्ट्या स्टीलच्या ताटात ठेवल्या, एक उचलून तिची सोनेरी कड खोडरबराने घासली, मेहुण्याच्या मशीनमध्ये बसवली आणि म्हणाले, "बघा, फक्त मळ होता!" मशीन चालू झाले. टाळ्या पडल्या. उरलेली पट्टी त्यांनी माझ्या खोक्यात घातली आणि स्क्रू आवळले. दोन्ही पट्ट्या सारख्याच ताकदीच्या, त्यामुळे चालू करताना पडद्यावर आकडाही तोच आला.

घरी पहिले फोटोचे पान उघडले आणि मशीन थिजले. पुन्हा चालू केले, पुन्हा थिजले. मंडळीतल्या एकेकाला फोन केले. एक म्हणाला व्हायरस, दुसरा म्हणाला फाँट बिघडला, तिसरा म्हणाला नोएडाचे व्होल्टेज. सर म्हणाले, "विंडोज नव्याने टाका शेठ. आणि खोकं उघडू नका हं, नियम माहीत आहे ना?"

मी सगळे केले. बायको म्हणाली, "अहो, तो ठिपका तरी बघा एकदा."

"नियम मोडला तर उद्या मदत कोण करेल? काम अडकलंय इथे!" मी तिच्यावरच ओरडलो.

त्यानंतर लवकरच मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला. सरांनी सुचवले होते म्हणे, की शेठवर लोड नको, मेहुण्याचे मशीन आता मस्त चालतेय. झालेल्या पानांच्या फ्लॉप्या त्याच्याकडे पोचवा.

मी गेलो. उन्हाळ्यात दिल्लीत सगळेच करायचे ते त्यानेही केले होते: खोक्याचे झाकण काढून आत टेबलफॅनचा वारा सोडलेला. पडद्यावर माझे मुखपृष्ठ होते, चिटणीसांना मी पसंतीसाठी आधीच दिलेले. आणि आत, पट्टीवर, लाल ठिपका.

"ही माझी पट्टी आहे."

"अच्छा? कुंकू लागलं असेल यार," मेहुणा म्हणाला.

"तुझ्या कॉम्प्युटरचं लग्न कधी झालं?" मी हात घातला तसा तो किंचाळला, "चालू आहे! जळेल सगळं!"

पडद्यावर माझेच काम होते. मी हात मागे घेतला, फ्लॉप्या त्याच्या टेबलावर आपटल्या आणि घरी येऊन माझे खोके उघडले. एका पट्टीवर ठिपका होता. दुसरी कोरी.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर विषय काढला. सर हसले. "त्या दिवशी लाईट गेली होती, अंधारात झाली असेल अदलाबदल."

"सकाळचे अकरा वाजले होते सर. खिडक्या उघड्या होत्या. अंधार कुठून आला?"

कोणीतरी म्हणाले, "शेठ, इथे आपण एकमेकांना मदत करतो. हे काय चादरींचं दुकान आहे?" बाकीचे हसले. कोण हसले, ते मला आजही माहीत आहे.

मग सरांनी मेहुण्याचे मशीन उघडून पट्टी माझ्या हातात दिली. "दाखवा ठिपका."

ठिपका नव्हता. पण मी कापडाचा काठ बोटांनी वाचणारा माणूस. मी पट्टी खिडकीजवळ नेली. सगळ्या चिपांवर पांढरी छापील अक्षरे होती. पहिलीवरची पुसलेली होती. नेलपॉलिश काढायचे औषध ठिपक्याबरोबर छपाईही घेऊन गेले होते.

"ही अक्षरं कुठे गेली?"

"खोडरबराने घासलं ना मी," सर म्हणाले, "चलो, चहा घ्या."

मी पट्टी तिथेच ठेवली, चहा घेतला नाही आणि पुन्हा त्या घरात गेलो नाही. बाजारातून नवी पट्टी आणली, धंदा चालवला, बरा चालवला. पण स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर निःस्वार्थ सहकार्यासाठी सरांचे आणि त्यांच्या मेहुण्याचे आभार छापले गेले, आणि मंडळात मी चादरवालाच राहिलो.

सर, तुम्ही आता निवृत्त आहात, तिथेच राहता, मराठी वाचता. खोडरबर तुम्ही कडेला घासलेत, हे सगळ्या बैठकीने पाहिले. मग चिपवरची अक्षरे कोणी पुसली? कोणाच्या घरात, कोणाच्या बाटलीतल्या औषधाने? आणि जे तेव्हा हसले, त्यांनीही सांगावे, त्यांनी काय पाहिले होते. मला पट्टी नको. मला उत्तर पाहिजे, आणि ते त्याच दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर.