दोनचं इंजेक्शन

तानीबाईच्या पायात खोक्याचा खिळा घुसला, तेव्हा तिनं तंबाखूच्या वखारीतल्या बाकीच्या बायका करतात तेच केलं. चिमूटभर तंबाखूची भुकटी जखमेत दाबली आणि पुन्हा चाळायला बसली. सहाव्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत लाल, अंगात फणफणता ताप. गावात, बोरगावला घेतलेल्या पेनिसिलिनच्या सुयांना जंतू दाद देईनात. शेवटी निपाणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुऊन काळा चिखल काढला आणि शिरेतून सेफॅझोलिनची इंजेक्शनं सुरू केली. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. दहा दिवस. साल शहाऐंशी.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि खाट टोचायला लागली. लंगडत खिडकीशी जायची, परत यायची, पुन्हा जायची.

"सिस्टर, किती वाजलं?"

"साडेबारा. तिसऱ्यांदा इचारताय, आक्का."

"हंगाम हाय गं. माझ्या चाळणीवर सुलाबाई बसली असंल. एकदा बसली की उठायची न्हाय ती."

पावणेदोनला पिशवी काखेत मारून ती दारात. नर्स जयाबाई कुपीतली पांढरी पूड पाण्यात विरघळवत आडवी आली.

"कुठं?"

"बरी झाले की मी. ताप न्हाय, ठणका न्हाय."

"जंतूच्या अंगाभोवती भिंत असती. ह्ये औषध ती धड बांधू देत न्हाय, मग जंतू फुटून मरतोय. पर औषध लघवीतनं निघून जातंय. दोनची सुई चुकली की उरलेले परत बांधकाम काढतात."

"उरलेत कशावरनं? दिसत्यात व्हय तुला?"

"तुमी तंबाखू एकदाच चाळता?"

तानीबाई चिडून म्हणाली, "एकदाच चाळली तर मुकादम तोंडावर फेकंल. काडी जाती, बारीक धूळ ऱ्हाती."

"मग?"

"मग काय मग. लई शानी हैस."

पिशवी खाटेवर आपटली, पण बसली नाही. उभ्यानंच हात पुढं केला.

"बसा की. सावकाश सोडायचं असतंय."

"बसलं की डोळ्यापुढं वखार दिसती."

जयाबाईनं खांदा दाबून बसवलं.

दहा दिवस पुरे झाले, सूज गेली. तानीबाई थेट वखारीत.

"सरक, सुले."

सुलाबाईनं मान वर केली नाही. "मुकादमाला इचार."

मुकादमानं भिंतीकडचा कोपरा दाखवला. तानीबाई दुसरी चाळण ओढत तिकडं गेली, पाय दुमडून बसली, लगेच उठली, जागा झाडली, पुन्हा बसली.

"तिथं धूळ लई हाय," सुलाबाई म्हणाली.

"म्हायतीय. तू तुझं बघ," ती म्हणाली आणि चाळण हलवायला लागली.