यान काजल कुठं हाय?

माझं पाठाचं टाचण वाचून झालं की भोईरबाई चांगलं-वाईट काहीच म्हणायच्या नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारायच्या, “यान काजल कुठं हाय गो?” यान म्हणजे यात, त्या टाचणात.

डी.एड.च्या शेवटच्या वर्षी सराव पाठांसाठी मला बाळकुमची शाळा मिळाली, आणि तिसरीचा भोईरबाईंचा वर्ग. बाई मूळच्या बाळकुमच्याच. सासऱ्यांनी मिठागरात जन्म काढलेला. वर्गात बाईंची मराठी अगदी पुस्तकातली. माझ्याशी बोलताना मात्र गावची बोली यायची. काजल समोरच्या टॉवरच्या वॉचमनची मुलगी. घरी हिंदी, वर्गात गप्प. मी शिकवत असताना ती वहीच्या कडेला चौकटी काढत बसायची.

कॉलेजच्या मॅडम माझा पाठ बघायला येणार होत्या. विषय धारकता. मी तक्ते रंगवले, लिटरची मापं पिशवीत भरून आणली, पस्तीस मिनिटांचं मिनिटामिनिटाचं टाचण लिहिलं. बाई म्हणाल्या, “काजल रोज सकाळी पाणी भरते. तिला आधी बोलू दे. तुझी मापं मंगशी काढ.”

“बाई, आता टाचण बदललं तर गडबड होईल. मार्क जातील माझे.”

“बघ पोरी. पाठ तुझा हाय.”

मी बदललं नाही. पुढच्या बाकावरच्या पाच मुलांनी पटापट उत्तरं दिली, पाठ घंटेच्या ठोक्याला संपला आणि मॅडमनी ‘उत्तम’ असा शेरा दिला. बाईंनी माझी पाठ थोपटली, तीही मनापासून. मग मधल्या सुट्टीत हळूच म्हणाल्या, “आता काजलला विचार, लिटर म्हंजे काय.”

मी विचारलं. काजलनं बराच विचार केला. “टीचर, वो आपकी थैली में है ना?”

मला आधी हसू आलं, आणि मग हसवेना. बाई हसल्या नव्हत्या. “खोटं नाय बोलली ती,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा तास मला दिला. बघायला कोणी नव्हतं. मी मापं पिशवीतच ठेवली आणि काजलला विचारलं, “तुझ्या घरच्या हंड्यात पाणी किती मावतं?” ती पहिल्यांदाच आपणहून उभी राहिली.

“चौदह लोटा. अम्मा का लोटा हो तो बारह.”

“हंडा तोच, मग बारा कसे?” कोणीतरी ओरडलं. वर्ग भांडायला लागला. कोणाचा लोटा खरा? मुलांनी बादली आणली, आपापल्या बाटल्यांनी भरून बघितली. कोणाच्या आठ बाटल्या, कोणाच्या अकरा. शेवटी काजलच म्हणाली, “टीचर, सबका एक ही लोटा चाहिए.” तेव्हा कुठे मी लिटरचं माप बाहेर काढलं.

तोवर पाणी व्हरांड्यापर्यंत गेलं होतं. मुख्याध्यापक तावातावानं आले. बाई पुढे झाल्या, “सर, माझ्या सांगण्यावरून चाललंय.” ते गेल्यावर पदर खोचून त्यांनीच फडकं घेतलं. त्या पाठाची नोंद कुठेच झाली नाही.

पुढे मी डोंबिवलीच्या एका शाळेत लागले, बाई निवृत्त झाल्या. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. डाव्या हातानं लिहायला शिकायचं त्यांनी मनावर घेतलंय असं कळलं, म्हणून एका रविवारी मी गेले. जाताना वही आखून नेली होती: आधी उभ्या रेघा, मग तिरप्या, मग गोल, मग अक्षरं. सगळं क्रमानं.

बाईंनी पेन्सिल धरली. तिसऱ्या रेघेला पेन्सिल घसरली, रेघ भलतीकडे गेली. मी धीर द्यायला म्हटलं, “छान जमतंय,” आणि पुढच्या पानाला हात घातला.

त्यांनी कोपरानं वही दाबून धरली. एरवी मला ‘पोरी’ म्हणणाऱ्या बाई, एखाद्या मुलीसारख्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, “थांबा ना बाई. माझं अजून व्हायचंय.”