थेंबभाऊ, पंप आणि मधले सासरेबुवा

फेरीबोटीच्या मिस्त्रीला सगळे थेंबभाऊ म्हणत. डिझेलचा थेंब बघितला की माणसाची तंद्रीच लागायची. घरी नळ गळत असला, तरी दुरुस्त करायचं सोडून आधी खाली बसून तो कसा गळतोय ते बघणार. अंगाने मात्र थेंबासारखा मुळीच नव्हता. पोट चांगलं सुटलेलं, आणि इंजिनाच्या खोलीत जागा जेमतेम. एकदा आत शिरला की बाहेर निघणं हा एक कार्यक्रमच असायचा.

बोट चालवायची त्याची बायको. वळणावर बोट अशी वळवायची की कठड्यावर ठेवलेला चहा हिंदकळत नसे. इंजिन त्याचं आणि सुकाणू तिचं, अशी सरळ वाटणी होती. पण त्या सकाळी दोघांमध्ये अबोला होता. थेंबभाऊने इंजिनात डिझेल फवारणारे नोझल धुवायला तिचं दुधाचं पातेलं घेतलं होतं, आणि सकाळच्या चहाला डिझेलचा वास आला होता. 'धुतलं होतं गं साबणाने,' हे त्याचं म्हणणं तिला अजिबात पटलं नव्हतं.

नेमकी त्याच दिवशी बोट धापा टाकू लागली. वेग गेला, धुराड्यातून पांढरा धूर निघू लागला आणि धक्क्याला लागेपर्यंत बायकोने जीव मुठीत धरला होता. पुढची फेरी थांबवावी लागली. प्रवासी धक्क्यावर उभे राहून एकमेकांना इंजिनाबद्दल माहिती देऊ लागले.

थेंबभाऊ खाली उतरला. आधी नळ्यांमधली हवा काढली. फिल्टर बघितला, तो स्वच्छ होता. मग इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या नळीची चाकी सैल केली. प्रत्येक वेळी इंजिन सारखंच लंगडलं. म्हणजे नोझल ठीक होते. शेवटी डिझेलचा पंप इंजिनाला जिथे जोडलाय त्या जोडाला हात लावला, तर बोल्ट सैल! जोड सरकला होता. पंप डिझेल देत होता, पण उशिरा.

आता पंपाची वेळ पुन्हा जुळवायची. त्याला माणसं दोन लागतात. एकाने इंजिनाचं पुढचं जड चाक फिरवून त्यावरची खूण काट्यासमोर आणायची, दुसऱ्याने पंपाच्या तोंडाशी वाकडी नळी लावून थेंबाकडे बघायचं. थेंब थांबला, की पंपाने डिझेल दाबायला घेतलं असं समजायचं. खूण मात्र चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात येते, आणि डिझेल दर दुसऱ्या फेऱ्यालाच द्यायचं असतं. म्हणून खुणेशी पहिल्या सिलिंडरच्या दोन्ही झडपा बंद आहेत ना, हे आधी बघायचं.

चाकाशी बायको उभी राहिली. झडपांवरचं झाकण काढलेलं होतं, त्या तिच्या डोळ्यांसमोरच होत्या. थेंबभाऊ पलीकडे पंपाशी पोटावर आडवा झाला. मध्ये पाणी उपसायची मोटर खडखडत होती. आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, म्हणून शिडीवर बसले सासरेबुवा. तिचेच वडील. कान जरा जड, उत्साह भरपूर.

"बाबा, तिला म्हणावं, खूण आली का?"

"खूण आली का म्हणतोय!"

"आली म्हणावं."

"आली!"

"आणि झडपा बंद आहेत का विचारा."

सासऱ्यांनी क्षणभर विचार केला. इंजिनाला झडपा असतील असं काही त्यांच्या मनात आलं नाही. त्यांनी अर्थ लावून निरोप दिला, "खिडक्या बंद आहेत का विचारतोय!"

बायकोच्या कपाळावर आठी पडली. इथे बोट बंद पडलीये आणि यांना खिडक्यांचं सुचतंय! "सकाळीच लावल्यात म्हणावं."

"बंद आहेत!" सासऱ्यांनी कळवलं.

थेंबभाऊने हाताने पंप फिरवला, थेंब थांबला, बोल्ट आवळले. नळ्या जोडल्या. बायकोने वर जाऊन इंजिन चालू करायला घेतलं.

इंजिन खोकलं, शिंकलं, आणि धुराड्यातून असा पांढरा लोट निघाला की धक्का दिसेनासा झाला. धुरातून नुसते आवाज येत होते. "माझी पेटी कुणाच्या हातात आहे?" "माझ्या हातात हात कुणाचा आहे?" एका न्हाव्याने चष्मा पुसपुसून पाहिला, तरी दिसेना. मग कळलं, चष्मा शेजारच्या शिंपिणीचा होता.

बायको तरातरा खाली आली आणि अबोला विसरून ओरडली, "अहो, झडपांचं मला का नाही विचारलंत?"

"तूच म्हणालीस ना, बंद आहेत!"

"मी कधी म्हणाले? मी खिडक्यांचं म्हणाले!"

"खिडक्यांचं कुणी विचारलं?"

दोघांनी शिडीकडे पाहिलं. सासरे शांतपणे म्हणाले, "मग? लावलेल्याच होत्या की!"

आधी बायकोला हसू फुटलं. थेंबभाऊ इतका हसला की त्याचं पोट दोन नळ्यांमध्ये अडकलं, आणि तिला पाय धरून त्याला ओढावं लागलं.

मग मोटर बंद केली. त्याने जोड सैल केला, तिने चाक आणखी एक पूर्ण फेरा फिरवलं.

"झडपा?"

"दोन्ही बंद. माझ्या डोळ्यांनी बघतेय."

जोड आवळून त्यांनी पुन्हा तपासलं. ती चाक किंचित मागे नेऊन हळूहळू पुढे आणत होती, तो श्वास रोखून थेंबाकडे बघत होता.

"थांबला! खूण कुठे आहे?"

"काट्यासमोर. आणि ते पातेलं आता तुम्हीच ठेवा, मला नको."

"ठेवतो की. चांगलं जाड बुडाचं आहे."

"अहो!"

या वेळी इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि ठोका असा एकसारखा पडू लागला की धक्क्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. फेरी सुटली. सासरेबुवा प्रवाशांमध्ये बसून, जावयाला एकट्याने कसं जमत नव्हतं आणि मग आपण मध्ये कसं लक्ष घातलं, ते सविस्तर सांगत होते. न्हावी मान डोलावत होता.

भांडणं पुढेही होतच राहिली. पण इंजिन उघडं असलं की बायको आधी बजावायची, "झडपा बंद आहेत. हे फक्त कामाचं बोलतेय, बाकी मी तुमच्याशी बोलत नाहीये." आणि थेंबभाऊ पंपाच्या पलीकडून आदबीने म्हणायचा, "बरं, नको बोलूस. चाक जरा पुढे घे."