करवंदं कुठल्या कडव्यात?

आता तुम्ही विचारलंच आहे की मी बीएच्या वर्गात एवढी गप्प का बसते, तर सांगून टाकते. हसायचं तर हसा, पण चहा सांडू नका. मी भर वर्गात, पंचवीस माणसांसमोर, माझीच अब्रू माझ्याच अक्षरात लिहून वाचून दाखवली आहे. तीही दोन पानं.

मी वारूळवाडीची. घरी टोमॅटो, थोडी द्राक्षं, दोन म्हशी. पोरं मार्गी लागल्यावर मी आणि शैलानं ठरवलं की राहिलेलं शिक्षण पुरं करायचं. शैला म्हणजे माझी पहिलीपासूनची मैत्रीण. लग्नं झाली तीही शेजारच्या गावांत, त्यामुळे ताटातूट अशी कधी झालीच नाही. दोघींनी बाहेरून बीएला नाव घातलं, विषय मराठी. दर रविवारी नारायणगावातून एसटी पकडायची आणि मंचरला वर्गाला जायचं. घरच्यांनी आधी हसून घेतलं, मग डबा भरून द्यायला लागले.

अभ्यासाला एक जुनी कविता होती. फार जुनी, निम्मे शब्द डोक्यावरून जाणारी. एका बाईचा नवरा दूर देशी गेलाय, ती झुरतेय, आणि तिच्याजवळ सतत एक ‘सांगाती’ आहे. शेवटी कवी विचारतो की प्रेम मोठं की मैत्री. सरांनी ही कविता शिकवायला घेतली त्या रविवारी आमच्याकडे टोमॅटोचा तोडा होता आणि शैलाच्या घरी पाहुणे. दोघींचाही पहिला तास बुडाला.

मी म्हटलं, घाबरू नकोस, मी समजावते. दहावीला मराठीत मला तुझ्यापेक्षा जास्त मार्क होते. आणि मी शैलाला एसटीत बसून अर्थ सांगितला. सांगाती म्हणजे काय? जी सांगते ती. म्हणजे चुगलखोर. झुरणाऱ्या बाईजवळ बसून इकडचं तिकडं करणारी. कविता मला इतकी स्वच्छ कळली की विचारू नका. पुढच्या तासांना सर त्या सांगातीचं तोंड भरून कौतुक करायचे, तेव्हा मला सरांची कीव यायची. वाटायचं, साधा माणूस आहे, बायकांच्या चुगल्या याला कुठून कळणार.

याच सुमारास शैला बदलली.

वर्गात तारा नावाची एक बाई यायची. भीमाशंकरच्या अंगाला डोंगरात तिचं गाव, घरी भात आणि नाचणी, आणि ती तिथल्या अंगणवाडीत कामाला. पहाटे निघून घोडेगाववरून मंचरला पोचायची. आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. अक्षर मोत्यासारखं, बोलणं कमी. एका रविवारी बघते तर शैला तिच्या बाकावर. मी म्हटलं, असेल काहीतरी. दुसऱ्या रविवारीही तिथंच. तिसऱ्या रविवारी मी जवळ गेले, तर दोघींनी वही मिटली.

वही मिटली, कळतंय का तुम्हाला? पहिलीपासून जिच्या पाटीवर मी थुंकून पुसलंय, तिनं माझ्यासमोर वही मिटली.

मग मला सगळंच दिसायला लागलं. दुपारी शैलाला फोन लावावा तर एंगेज. विचारलं तर म्हणायची, ताराशी बोलत होते. तारा तिच्यासाठी पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन आली. शैलानं द्रोण माझ्यापुढं केला, मी म्हटलं, मला नाही आवडत. मला करवंदं इतकी आवडतात की लहानपणी त्यांच्यापायी अंग ओरबाडून घेतलंय. पण त्या द्रोणाला हात लावला असता तर माझं नाक कापलं गेलं असतं.

मी शैलाला एक दिवस मुद्दाम ओझरला घेऊन गेले. म्हटलं देवदर्शन होईल आणि दोघींनाच बोलता येईल. दर्शन घेऊन धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसलो, मी आता विषय काढणार, एवढ्यात तिचा फोन वाजला. तारा. शैला उठून बाजूला गेली आणि पाव तास बोलत राहिली. मी तिथूनच विघ्नहराला हात जोडले. म्हटलं, बाप्पा, एक विघ्न आहे. दर रविवारी घोडेगावच्या गाडीनं येतं. तेवढं बघ.

बाप्पानं काही बघितलं नाही. उलट पुढच्या रविवारी मी व्हरांड्यातून येत होते, तर आतून शैलाचा आवाज आला.

‘‘तिला सांगायचं कसं? लई वर्सांचं हाय गं आमचं. वाईट वाटंल तिला.’’

तारा म्हणाली, ‘‘पर ताई, सांगाया तर लागंलच. परीक्षा तोंडावर आली.’’

मला वाटलं, झालं. ही आता मला सोडणार, आणि ते सांगायची तयारी चाललीय. त्या दिवशी येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. शैलानं दोनदा विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं, गाडी लागतेय. मला आयुष्यात कधी गाडी लागलेली नाही.

नेमकं त्याच आठवड्यात सरांनी काम दिलं होतं: ‘कवितेतली मैत्री’ यावर दोन पानं लिहायची आणि वर्गात वाचायची. मी म्हटलं, थांबा आता. जे तोंडानं बोलता येत नाही ते साहित्यातून बोलू. दुपारची भांडी तशीच ठेवली आणि लिहायला बसले. असं सरसर मी कधीच लिहिलं नव्हतं. आमचे हे पाणी प्यायला आत आले, माझा चेहरा बघितला आणि तसेच बाहेर गेले.

रविवारी सरांनी विचारलं, कोण वाचणार? माझा हात सगळ्यांच्या आधी वर.

मी खणखणीत आवाजात वाचलं. कवितेतली सांगाती ही मैत्रीण नव्हेच. दोन जिवाभावाच्या माणसांत ती तिसरी शिरते. ती गोड बोलते, अक्षर चांगलं काढते, वेळी-अवेळी निरोप धाडते, रानातून करवंदं आणते आणि भोळ्या माणसाला वश करून घेते. अशा सांगातीपासून समाजानं सावध राहिलं पाहिजे.

मी वही मिटली. टाळ्या येतील असं वाटलं होतं. सरांनी चष्मा काढला, पुस्तक उघडलं, पानं मागं-पुढं केली आणि फार सभ्यपणे विचारलं, ‘‘बाई, करवंदं कुठल्या कडव्यात आहेत?’’

मी म्हटलं, ‘‘सर, तसा भाव आहे.’’

‘‘बरं. आणि सांगाती म्हणजे कोण, म्हणता?’’

‘‘सगळं सांगत फिरते ती. चुगलखोर.’’

मागच्या बाकावरून एक फुस्स, आणि मग अख्खा वर्ग. सरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि सांगितलं की सांगाती म्हणजे सोबती. संगत देणारा. नवरा दूर गेल्यावर त्या बाईची साथ जिनं एक दिवसही सोडली नाही ती. हे पहिल्याच तासाला झालंय, असंही ते म्हणाले.

मला जमीन दुभंगून हवी होती. तारा मान खाली घालून बसली होती, कानापर्यंत लाल. करवंदांचा भाव वर्गात कुणाला कळला नसला तरी तिला बरोबर कळला होता.

तेवढ्यात शैला उभी राहिली.

‘‘सर, ती पहिल्या तासाला नव्हती. तो अर्थ मीच तिला सांगितला. चूक माझी हाय.’’

सर शैलाला म्हणाले, स्वतःला माहीत नसेल तर दुसऱ्याला शिकवू नये. शैलानं मुकाट्यानं मान डोलावली आणि खाली बसली. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. ही लाज त्या दोन पानांच्या लाजेपेक्षा मोठी आहे, ती आजही आहे.

तास सुटल्यावर मी तिला व्हरांड्यात गाठलं आणि विचारलं, तुला खरा अर्थ कधीपासून माहीत होता? म्हणाली, महिना झाला. तिला माझ्या अर्थाची शंका आली, म्हणून तिनं ताराची वही मागितली. मग सगळी कविताच नव्यानं समजून घ्यायची वेळ आली, कारण मी एकही कडवं धड सोडलं नव्हतं.

‘‘मग मला का नाही सांगितलंस?’’

‘‘कवा सांगू, मंदे? तू धावीचे मार्क काढतीस. त्यानंतर मानूस बोलंल काय?’’

व्हरांड्यात जे मी ऐकलं होतं ते एवढंच होतं, की माझा अर्थ चुकलाय हे मला सांगायचं कसं.

तारा पायरीवर बसून चप्पल घालत होती. मी तिच्याजवळ गेले आणि जे होतं ते सगळं सांगून माफी मागितली, अगदी ओझरच्या गाऱ्हाण्यासकट. तिनं चपलेचा पट्टा नीट केला. मग म्हणाली, ‘‘ताई, वर्गात माज्याशी कुनी बोलायचं नाय. शैलाताईनी वही मागितली तवा लई बरं वाटलं मला. तुमी बी मागताल, असं वाटायचं.’’

मी म्हटलं, आता देशील का? तिनं पिशवीतून काढून दिली. घरी नेऊन मी ती सगळी उतरवून काढली. आणि पुढच्या रविवारी सरांना जाऊन खरं सांगितलं, की तो अर्थ माझ्याच डोक्यातून निघालेला होता. सर म्हणाले, मला तेव्हाच कळलं होतं.

आता आम्ही तिघी मिळून अभ्यास करतो. तारा गुणाची आहे, मनापासून सांगते. संध्याकाळी मंचरच्या स्टँडवर आधी तिची भीमाशंकरची गाडी लागते. शैला ती गाडी वळेपर्यंत हात हलवत उभी राहते. मीही हलवते. शैलापेक्षा जोरात हलवते. तारा खिडकीतून म्हणते, मंदाताईंचा जीव लई.

खरं म्हणजे मी ड्रायव्हरला हात करत असते, की आता निघ.